मे महिन्याची मजुरी

वसईच्या वाड्यांतला मोगरा बहराला येतो तो नेमका परीक्षा संपतात तेव्हा. पहाटे चारच्या सुमारास घरची माणसे टोपल्या घेऊन वाफ्यांत उतरतात, उजाडण्यापूर्वी कळ्या खुडून होतात आणि घरातले कोणीतरी गाठोडे घेऊन दादरच्या फुलबाजाराकडे जाणारी गाडी पकडते. कळी वाटेत उमलली की तिचा भाव उतरला. लग्नसराईमुळे गजऱ्यांना मागणी असते आणि जूनमधल्या वह्यापुस्तकांचे पैसे ह्याच सहा-सात आठवड्यांत उभे करायचे असतात. म्हणून 'मे महिन्याची सुट्टी' हे शब्द आमच्या धर्मग्रामातील निम्म्याअधिक घरांना लागू पडत नाहीत. सुट्टी शाळेला असते.

२००७ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. सायंकाळची प्रार्थना आटोपून आम्ही ओटीवर बसलो होतो. धर्मग्रामातील एक मुलगी हातात लिफाफा घेऊन आली. मुंबईच्या एका महाविद्यालयात ती वनस्पतिशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला होती. दक्षिणेतील एका संशोधन संस्थेने दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिची निवड केली होती, विषय आनुवंशिकी. विद्यावेतन मिळणार होते, पण काम संपल्यावर. तिकिटाचे आणि वसतिगृहाच्या अनामतीचे पैसे आधी भरायचे होते. तिकडे घरी थोरल्या बहिणीचे लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलेले. आम्ही तिच्या वडिलांशी बोलावे, एवढेच तिचे मागणे होते.

आम्ही वडिलांकडे गेलोच नाही. "बाय, यंदा घरात कार्य आहे. आईच्या हाताखाली कोण राहील? पुढच्या वर्षी जा," असे म्हणालो आणि वर आज्ञाधारकपणाबद्दल चार गोड शब्द ऐकवले. "बरं, फादर," एवढेच म्हणून ती पायऱ्या उतरली. लग्नाचा मिस्सा आम्हीच अर्पण केला. पंगतीत ती वाढायला होती.

ते पुढचे वर्ष आलेच नाही. अशा निवडीची जागा कोणी वर्षभर राखून ठेवत नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याचे कष्टही आम्ही घेतले नव्हते. मुलगी हुशार होती. पदवी घेतली, बी.एड. केले, माध्यमिक शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका झाली. कोणाचे काही बिघडले नाही, असे आम्ही स्वतःला सात वर्षे सांगत राहिलो.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत होतो. न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेला समुद्रात लांबवर पसरलेल्या लाँग आयलंड बेटावरील एका धर्मग्रामात, तेथले फादर सुट्टीवर असताना बदली म्हणून आम्हांला बोलावले होते. असे कितीतरी भारतीय धर्मगुरू उन्हाळ्यात तिकडे जातात. त्यातून तेथील भाविकांची सोय होते आणि इकडच्या चर्चच्या गळक्या छपराचीही, हे कबूल करण्यास हरकत नाही. एका रविवारी मिस्सानंतर दाराशी एक सावळी मुलगी भेटली. आईवडील डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेले, घर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, आई लोकांची घरे साफ करते. इकडे काय करतेस, असे विचारले तर हसून म्हणाली, "मक्याच्या शेतात काम." मागाहून कळले की ती कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत दहा आठवड्यांसाठी आलेली विद्यार्थिनी होती. पुढच्या शनिवारी धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आम्हांला ते ठिकाण दाखवायला घेऊन गेले.

खाडीसारखा आत शिरलेला समुद्र, काठाने झाडी आणि पांढरी लाकडी घरे. एके काळी हे देवमाशांच्या शिकारीवर निघणाऱ्या गलबतांचे बंदर होते. १८९० मध्ये तेथे शिक्षकांसाठी जीवशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू झाला, त्याचीच पुढे ही जगद्विख्यात प्रयोगशाळा झाली. बार्बारा मॅक्लिंटॉक ह्या विदुषी १९४१ पासून १९९२ साली निधन होईपर्यंत येथेच राहिल्या. मक्याच्या कणसातील ठिपकेदार दाणे पाहून, जनुके आपली जागा बदलू शकतात हे त्यांनी ओळखले. लोकांना ते पटायला इतका काळ लागला की नोबेल पारितोषिक १९८३ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८१ व्या वर्षी मिळाले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचा उपक्रम येथे १९५९ पासून चालतो. विद्यार्थ्याला एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली देतात. त्याने त्या चमूत राहून स्वतःचा एक लहानसा प्रश्न हाती घ्यायचा आणि शेवटी सर्वांपुढे उभे राहून काय सापडले, काय सापडले नाही ते सांगायचे. राहणे-जेवणे संस्थेकडे, शिवाय विद्यावेतन.

ती मुलगी आम्हांला शेतात भेटली. जुलैच्या उन्हात मक्याच्या कोवळ्या कणसांवर कागदी पिशव्या चढवीत होती. स्त्रीकेसर बाहेर येण्यापूर्वीच कणीस झाकले नाही तर वाऱ्याने कुठलाही पराग येऊन पडतो आणि वंशावळीचा सगळा हिशोब चुकतो. म्हणून पिशवी वेळेवर चढली पाहिजे. उद्या चालणार नाही. आम्हांला आमच्या वाडीतल्या कळ्या आठवल्या. आधीचे दोन उन्हाळे तिने एका दुकानात काम केले होते. "इथे पैसे मिळाले नसते तर आईने सोडलं नसतं," ती म्हणाली. मग पुढची पिशवी उलगडीत म्हणाली, "आणि मी विचारलंही नसतं."

आमच्या मुलीने निदान विचारले होते.

परत येताना शिक्षकमहाशयांनी आम्हांला सगळे उलगडून सांगितले. पुढे जाऊन डॉक्टरेट करायची तर प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली जाते: ह्या विद्यार्थ्याने कधी प्रयोगशाळेत काम केले आहे काय? ते काम उन्हाळ्यात होते. विनामूल्य राबणे ज्या घराला परवडते, त्या घरातील मूल उन्हाळा प्रयोगशाळेत घालवते. बाकीची मुले हॉटेलात ताटे उचलतात. दार कोणी मुद्दाम लावलेले नसते, तरी ते बंदच असते. म्हणून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून देशभरातील संस्थांना अशा सशुल्क उन्हाळ्यांसाठी अनुदान देण्यास आरंभ केला. येथे सशुल्क म्हणजे विद्यार्थ्याने द्यायचे नव्हे, विद्यार्थ्याला द्यायचे. विज्ञानात ज्यांची संख्या अल्प आहे अशा समाजांतील मुलांनी यावे, असा त्यामागे विशेष प्रयत्न होता: कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक, मूळ अमेरिकन आदिवासी, अपंग, आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही अशी मुले.

आनुवंशिकीत ह्याची निकड अधिक आहे. जनुके आणि रोग ह्यांचे नाते शोधणाऱ्या मोठ्या पाहण्यांत ज्यांचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २००९ मध्ये आढळले. २०१६ मध्येही ते प्रमाण ८१ टक्के होते. उरलेल्या जगाच्या रक्तात काय लिहिले आहे ते वाचायचेच राहिले. वाचले की काय हाती लागते त्याचे एक उदाहरण डॅलस शहरातले आहे. तेथील हृदयरोगाच्या पाहणीत कृष्णवर्णीयांना मुद्दाम मोठ्या संख्येने घेतले होते. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन ह्यांना २००५ मध्ये दिसले की, त्यांच्यातील शंभरात सुमारे दोघांच्या शरीरात एक जनुक निकामी असते आणि त्यामुळे त्यांचे कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहते. त्या धाग्यावरून काढलेली औषधे २०१५ पासून गोऱ्या-काळ्या सर्वांना दिली जात आहेत.

ह्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला एक दुसरा उन्हाळाही ठाऊक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९१० साली चार्ल्स डेव्हनपोर्ट ह्यांनी तेथे 'सुप्रजनन नोंदणी कार्यालय' स्थापन केले. दर उन्हाळ्यात सुशिक्षित घरांतील तरुण-तरुणी तेथे प्रशिक्षणाला येत. १९२४ पर्यंत असे सुमारे अडीचशे जण तयार झाले. गरिबांच्या वस्त्यांत, अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन कोणत्या घराण्यात मंदबुद्धी, दारिद्र्य आणि गुन्हेगारी 'रक्तात' आहे त्याची पत्रके भरायची, हे त्यांचे काम. गरीब त्याही आनुवंशिकीत होते, पण पत्रकावर. त्या कार्यालयाचे अधीक्षक हॅरी लॉफलिन ह्यांनी व्हर्जिनियातील कॅरी बक ह्या गरीब तरुणीला न भेटताच ती हीन वंशाची असल्याची लेखी साक्ष दिली. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्यावर सक्तीने वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करण्यास मान्यता दिली. विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती पियर्स बटलर हे कॅथलिक होते. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३० च्या ३१ डिसेंबरला काढलेल्या विश्वपत्रात अशा सक्तीचा स्पष्ट निषेध केला. ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र बटलर ह्यांनी आपल्या विरोधाची कारणे एका ओळीतही लिहून ठेवली नाहीत, हेही ध्यानात असावे. ते कार्यालय १९३९ च्या अखेरीस बंद पडले. पाऊणशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी मक्याची वंशावळ लिहीत होती.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही आणि सेमिनरीतील एक तास आठवला. ग्रेगर मेंडेल ह्यांच्याविषयी आम्ही तेव्हा अर्धे पान शिकलो होतो: ऑगस्टिनियन संन्यासी, मठाची बाग, वाटाणे. १८५६ ते १८६३ ह्या काळात त्यांनी सुमारे २८ हजार रोपे तपासली आणि आनुवंशिकीचा पाया घातला. चर्च आणि विज्ञान ह्यांचे वैर नाही हे सांगायला आपण सारे धर्मगुरू मेंडेल ह्यांना व्यासपीठावर बोलावतो. पण त्यांना मठाच्या दारापर्यंत कोणी पोचवले, हे मात्र आम्ही पुढे स्वतःच्या वाचनातून शिकलो.

मेंडेल १८२२ मध्ये आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या पोटी जन्मले. वडिलांना आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. १८३८ मध्ये त्याच कामावर झाडाचा ओंडका अंगावर येऊन ते अधू झाले. मुलगा सोळा वर्षांचा, शिकवण्या करून शिकणारा, अर्धपोटी राहून आजारी पडणारा. पुढील शिक्षणाचे सारे मार्ग खुंटले तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. त्यावर तो तगला आणि १८४३ मध्ये ब्रनो येथील मठात दाखल झाला. परिस्थितीनेच आपला मार्ग ठरवला, पोटाच्या चिंतेतून सुटका व्हावी म्हणून आपण तिकडे वळलो, हे त्याने पुढे आपल्या छोट्या आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहिले. आम्हांला ह्यात काही गैर वाटत नाही. आमच्या वेळी सेमिनरीत दोन वेळच्या भातासाठी आलेले काही सोबती होते; त्यांतले कितीतरी उत्तम धर्मगुरू झाले. मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेत १८५० मध्ये नापास झाले, तरी मठाधिपती नाप ह्यांनी त्यांना स्वखुशीने व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. हुंड्याचे ऋण ते विसरले नाहीत. तेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

एका घरी बहिणीच्या लग्नाच्या पैशांतून भाऊ शिकला. दुसऱ्या घरी बहिणीच्या लग्नासाठी बहीण थांबली, आणि तिला थांबवणारे आम्ही होतो.

भारतात परतल्यावर आम्ही शाळेत जाऊन त्या शिक्षिकेची क्षमा मागितली. ती उत्तरपत्रिका तपासत होती. "फादर, मी विसरलेसुद्धा," ती म्हणाली. पण मान वर केली नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेचे शासकीय धोरण पालटले. अल्पसंख्येने असलेल्या समाजांसाठी चालणाऱ्या कित्येक शैक्षणिक योजनांची अनुदाने थांबली आणि काही संस्थांनी त्या वर्षीची उन्हाळी तुकडीच रद्द केली. गुणवत्ता हा एकच निकष असावा, असे त्यामागील मंडळी म्हणतात. गुणवत्ता हवीच. पण ती मोजली जाते उन्हाळा संपल्यावर, आणि उन्हाळ्याची मजुरी कोणी भरली हे त्या मापात दिसत नाही.

आपल्याकडेही मार्ग आहेत. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. इतर संस्थांच्याही योजना आहेत. अर्ज मात्र आदल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दिवसांत भरायचे असतात, जेव्हा आम्ही नाताळच्या गोठ्याची वर्गणी जमवीत असतो.

गेल्या नोव्हेंबरात तीच शिक्षिका एका मुलाला घेऊन आली. महामार्गापलीकडच्या पाड्यावरचा वारली मुलगा, आमच्या वसतिगृहात राहून तिच्या वर्गात शिकलेला, आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या मामाच्या मुलीला सिकलसेल आहे. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. पाड्यावरही रक्ताचे नमुने घेऊन गेले. "नळ्या कुठे जातात, त्यांत काय बघतात, ते मला बघायचंय," असे तो म्हणाला. शिक्षिकेने अर्ज पुढे ठेवला आणि म्हणाली, "फादर, ह्या वेळी पुढच्या वर्षी म्हणू नका."

आम्ही सही केली. मार्चमध्ये निवडीचे पत्र आले आणि खरी अडचण कळली. मुलाची आई वीटभट्टीवर जाते. पावसाळा संपताना भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि मेअखेरपर्यंत कुटुंबाने विटा पाडून ती फेडायची, अशी रीत. परीक्षेनंतरचे ह्या मुलाचे कामाचे दिवस त्या उचलीत आधीच धरलेले होते. जमीनदाराची वेठ दोनशे वर्षांपूर्वीची आणि दूर देशातली, असे आम्ही उगाच समजत होतो.

वित्त समितीत विषय ठेवला. तिकीट आणि अनामत ह्यांना कोणी हरकत घेतली नाही. उचलीचा उल्लेख होताच बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "फादर, फी भरू, पुस्तके घेऊ, पण मजुरी कशी भरायची? उद्या प्रत्येक जण मागेल." हे गृहस्थ आजाऱ्यांना स्वतःच्या खिशातून औषधे आणून देणारे आहेत, त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. आम्ही तेरेसियाची गोष्ट सांगितली. दोघांनी घड्याळाकडे पाहिले. बऱ्याच चर्चेनंतर निम्मी रक्कम मंजूर झाली, तीही कर्ज म्हणून, आमच्या हमीवर.

उरलेल्या निम्म्यासाठी भट्टीमालकाकडे जाणे भाग होते. तो आमच्याच धर्मग्रामातला, रविवारी दुसऱ्या बाकावर बसणारा. २००७ मध्ये आम्ही एका बापाच्या दारी गेलो नव्हतो. ह्याच्या दारी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेस चहा मिळाला. दुसऱ्या खेपेस तो म्हणाला, "वीस मेपर्यंत राहू द्या, मग खुशाल जाऊ दे." प्रशिक्षण सहा मेला सुरू होते. त्याने होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. येत्या गुरुवारी पुन्हा जायचे आहे; ह्या वेळी शिक्षिकाही बरोबर येणार आहे.

मुलाच्या आईला आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा तिने प्रयोगशाळेविषयी काही विचारले नाही. ती म्हणाली, "फादर, पावसाच्या आधी घर कोण शाकारील? दरसाल तोच चढतो." आम्हांला हे सुचलेच नव्हते. युवक मंडळातील चौघे येत्या रविवारी मिस्सानंतर पाड्यावर जातील. शिडी त्यांची, चर्चच्या मागच्या पडवीतील जुनी कौले न्यायला आम्ही परवानगी दिली आहे. मुलाची गाडी चार मेची आहे.